बिनदाताची कवळी

इकडं ये गं पोरी. अशी जवळ ये, उंबऱ्यावर नको उभी राहू. तुला रागवायचं हाय मला, पण थोडंच. परवा तू आलीस. शेजारची नवी सून म्हणून मी हौसेनं पाणी दिलं, आन् तू पेला हातात धरून नुस्ती बसलीस. ओठाला लावला न्हाईस. मी चुलीकडं तोंड केलं तसा हळूच कोनाड्यात ठिवलास. मला दिसलं. डोळे अजून बराबर हाईत माझे.

माझी ती गुलाबी वस्तू मी नुकतीच धुवाया काढल्ती, वाटीत पाण्यात पडल्याली व्हती. तू तिच्याकडं बघितलंस. त्यात माझा आवाज गेंगाणा, ती तोंडात नसली की तसाच निघतो. तुझं पाणी तिथंच अडकलं.

कुणीतरी सांगितलं असंल तुला. या गल्लीत सांगणारे लई. "म्हातारीला तरुणपणी वाईट रोग झाल्ता, टाळू सडली तिची." असंच ना? तुझा राग न्हाई मला. राग एवढाच, की तू विचारलं न्हाईस. संशय पोटात घेऊन घरी गेलीस. मी त्या संशयासंग लई वर्सं काढलीत गं, त्याची चाल मला ओळखू येते. म्हणून समोर बसवून बोलल्यासारखी ही चिठ्ठी लिहून धाडते. शाळेत गेले न्हाई, दुकानाच्या पाट्या वाचत वाचत अक्षर शिकले, तवा चुका पोटात घाल. पण मधीच ठिवू नको. सगळं वाच.

जालन्यात एका वकीलसाहेबाचा बंगला व्हता. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्सं झाल्ती तवाची गोष्ट. संक्रांतीचं हळदीकुंकू व्हतं. पुढच्या दालनात बायका, मागच्या अंगणात मी. मी तिथं भांडी घासायची, दळायची, अंगण सारवायची. माझा कप येगळा. त्याचा कान तुटल्याला, मोरीच्या भिंतीत एक फट व्हती, तिथं ऱ्हायचा. बाईसाहेब वरून चहा ओतायच्या. किटली कपाला लागू द्यायच्या न्हाईत. त्याचं मला तवा काही वाटत नव्हतं बघ. सगळीकडं तसंच व्हतं.

त्या दिवशी बायका वाण घेऊन मागच्या पडवीत आल्त्या, हात धुवायला. मी चहाचा घोट घेतला. घोट खाली गेलाच न्हाई. वर गेला. दोन्ही नाकपुड्यांतून चहा भळाभळा बाहेर आला, लुगड्यावर, घासलेल्या ताटांवर.

एक बाई हसली. मंग सगळ्या हसल्या. मंग एकदम कुणीच हसेना.

साहेबाच्या घरचे डॉक्टर त्या दिवशी आल्ते, बंगल्याचं दुखणंखुपणं तेच बघायचे. त्यांना बोलावलं. ते पायरी उतरले न्हाईत. वरूनच म्हणाले, "तोंड उघड."

मी उघडलं. त्यांनी बॅटरीचा उजेड टाकला. अंगणात बसल्याली मी, तोंड वासून, वर आभाळाकडं. आन् कडेनं त्या भरजरी लुगड्यातल्या बायका. बाजारात मेंढीचे दात बघत्यात ना, तसं. पण मेंढीच्या जबड्याला माणूस हात तरी लावतो.

"हिला गर्मी आहे," डॉक्टर म्हणाले. "बाहेरख्यालीचा रोग. आजच्या आज काढा हिला."

मी बोलले. "मी तसली न्हाई" असं बोलले. पण टाळूला भोक असलं की सबूद तोंडातून न निघता नाकातून निघत्यात. "म्हं म्हंहं म्हाई" असं कायतरी निघालं. परत कुणीतरी हसलं.

माझा कप बाईसाहेबांनी काडीनं ढकलून पाडला. फुटला. घासलेली ताटं राखेनं परत घासाया लावली, मला न्हाई, दुसरीला. मी बसल्ते ती जागा शेणानं सारवली. आन् पडवीच्या दारात वकीलसाहेब उभे व्हते. सगळं बघून राह्यले व्हते. नुस्ती जीभ तोंडातल्या तोंडात वर लावत व्हते, जशी काय टाळूला कायतरी चिकटलंय. तेवढं माझ्या ध्यानात राह्यलं. का राह्यलं ते तवा कळलं न्हाई.

आम्ही मेंढरंवाले. धनी दिवाळीनंतर कळप घेऊन शहागडाकडं गोदावरीच्या काठाला जायचे, तवा घरात मी आन् आत्याबाई, म्हंजे माझी सासू. धनी परत येईस्तोवर गोष्ट सगळ्या वस्तीत पोचल्ती. ते आले, घोंगडी टाकली, आन् विचारलं, "कोण व्हता?"

बस. एवढंच. दुसरं काहीच विचारलं न्हाई.

मी सांगाया लागले. नाकातून आवाज. त्यांनी तोंड फिरवलं. मारलं असतं तर मी बी एक ठिवून दिली असती. पण त्यांनी माझं ताट येगळं केलं. बंगल्यात कप येगळा, घरात ताट येगळं. मंग मला पहिल्यांदा कळलं, येगळा कप म्हंजे काय असतो ते.

माझ्यापाशी बोलायला तोंड नव्हतं. हे नीट समजून घे पोरी. माणसाला खोटं पाडायचं तर आधी त्याला बोलताच येऊ नये, म्हंजे झालं. मी न्यायाला जाणार कशी? पंचापुढं उभी राहून नाकातून घुमणार? माझं इज्जतीचं सगळं एका भोकातून वाहून चाललं व्हतं.

आत्याबाईनं मला औरंगाबादला नेलं. मायेनं नेलं असं समजू नको. गाडीत बसल्या बसल्या साऱ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुझ्यासाठी न्हाई चालले मी, भवाने. माझ्या लेकाला काय लावलंस ते बघायचंय मला."

दवाखान्यात दोघींचं रक्त काढलं. आत्याबाई बोंबलली, "माझं कशाला? मी काय केलं या वयात?" पण काढलं. छातीचा फोटो काढला माझ्या, क्षयानं बी टाळूला भोक पडतं म्हणे. मंग परत एकदा रक्त. मंग निरोप आला, रक्त साफ हाय, छाती साफ हाय. गर्मी न्हाई. क्षय न्हाई.

मला वाटलं, आता सुटले. पण आत्याबाईला ते पटंना. "रक्त साफ, तर भोक कशाचं? उंदरानं कुरतडलं?" आन् खरं सांगू, मला बी तोच संशय आला, की हे लोक कायतरी लपवून राह्यलेत.

मला दाताच्या डॉक्टरकडं पाठवलं. उंच, वाळका माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधल्याली. त्यानं खुर्चीत बसवलं, माझ्या तोंडात आरसा घातला, मंग नाकात एक बारकी नळी घालून बघितलं. बघत राह्यला. मला म्हणाला, "बाई, नाकाचा मधला पडदाच नाही तुमचा. एका नाकपुडीतून बघितलं की दुसरी दिसते. खपल्या धरल्यात सगळीकडं. रोग तोंडातून वर नाही गेला, नाकातून खाली आलाय." मंग थांबून विचारलं, "नाकात काय ओढता?"

"तपकीर," आत्याबाई म्हणाली. "आमच्यात समद्या ओढत्यात. मी बी ओढते. माझी टाळू धड हाय, बघा." आन् तिनं आ वासला.

"तुमची नाही, हिची दाखवा."

माझी डबी कनवटीला व्हती. ती मी द्यायला तयार न्हाई. का न्हाई? आता लाज वाटत न्हाई सांगायला, पण तवा माझा जीव त्या डबीत व्हता. ती गेली की हातपाय गळायचे, डोकं बधिर व्हायचं, रडू यायचं. आत्याबाईनं माझा हात मुरगाळला आन् डबी काढून डॉक्टरच्या टेबलावर आपटली.

तपकिरीत पांढरी भुकटी मिसळल्याली व्हती. डॉक्टरनं बोटाच्या टोकानं जिभेवर लावली. थुंकला. मंग आत्याबाईला म्हणाला, "तुम्ही एवढीशी लावून बघा, आणि लगेच थुंका."

तिनं लावली. जरा येळ गेला आन् म्हातारी किंचाळली, "अगं माझी जीभ मेली! जिभेला मुंग्या आल्या! मेले मी!" डॉक्टर हसला. मी न्हाई हसले. मला ते गार, बधिर लागणं चांगलं ओळखीचं व्हतं.

"कोकेन," डॉक्टर म्हणाला. "मुंबईत बड्या घरातली पोरं ओढतात. नाकाचं रक्त बंद पडतं, मांस मरतं, मग हाड मरतं. मेंढरं राखणाऱ्या बाईजवळ हे कुठून आलं?"

त्याच्या त्या विचारण्यात मला परत तेच दिसलं. अंगणातली बॅटरी. चोरलं असंल हिनं, न्हाईतर कुणी शौकीन असंल हिचा. मी आत्याबाईकडं बघितलं, तर ती बी त्याच नजरेनं माझ्याकडं बघून राह्यली व्हती.

कुठून आलं ते तुला सांगते. बाईसाहेबांनी दिलं.

लग्नसराईत बंगल्यावर लई दळण पडायचं. सकाळी भाकरीचा तुकडा खाऊन मी यायची, दुपारी शिळंपाकं मिळालं तर मिळालं. एकदा मी जात्यापाशी चक्कर येऊन पडले. बाईसाहेबांनी आतून एक डबी आणली. वरून माझ्या तळव्यावर चिमूट सोडली, बोट लागू न देता, जसं सगळं द्यायच्या तसंच. म्हणाल्या, "ओढ. भूक लागली की हे घ्यायचं. बरं वाटेल." आन् खरंच वाटलं गं. भूक मेली. हात आपोआप फिराया लागले. तपकीर माझ्या आईची बी व्हती, मला तिचा वास माहीत. ही तशी नव्हती. नाकात गार पडायची आन् कपाळ हलकं व्हायचं. मी विचारलं, "ही कसली, बाईसाहेब?" त्या म्हणाल्या, "साहेबांची आहे. हैदराबादची. भारी." मला वाटलं, आपल्यावर जीव हाय बाईचा. उष्टं तरी भारीतलं देत्यात. पुढं डबी रिकामी झाली की त्याच भरून द्यायच्या, न मागता. भाकरी मागितली तर तोंड वाकडं. डबी मात्र भरल्याली.

नाकातून खपल्या पडायच्या. रक्त यायचं. श्वासाला शिट्टी वाजायची, तर स्वयंपाकीण म्हणायची, "आली बघा रेलगाडी." मी बी हसायची. भूकच नव्हती, मंग काय दुखतंय ते कुणाला कळतंय?

तर औरंगाबादच्या डॉक्टरनं सांगितलं, "ओढणं बिलकुल बंद. ओढत राहाल तर भोक वाढत जाईल. आज बसवलेलं झाकण पुढच्या महिन्यात बसणार नाही. आधी जखम थांबू द्या. मग मी टाळू करून देतो."

"टाळू करून देतो म्हंजे?" आत्याबाई म्हणाली. "हा काय कुंभार हाय?"

ते महिने कसे गेले ते नको विचारू. आत्याबाईनं मला मेंढरांच्या कुडाच्या वाड्यात, तिच्या नजरेसमोर ठिवलं. रोज मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुवायचं. मला सगळ्यांचा संशय यायचा. ही म्हातारी पाण्यात काय घालती? धनी कुणाशी कुजबुजत्यात? मंग एक दिवस सकाळी भाकरीचा वास आला आन् मी उठून चुलीपाशी गेले. भूक. वर्सांची भूक परत आल्ती. मी भाकरी खाल्ली, नाकातून बाहेर आली, पुसली, परत खाल्ली. रडत रडत खाल्ली. तवा मला कळलं, की त्या बाईनं मला औषध न्हाई दिलं. माझी भूक चोरली. पोटात भूकच नसली तर माणूस भाकरी मागतच न्हाई, आन् बंगल्याला स्वस्तात हात मिळत्यात. एवढं मला कळलं. पण अजून सगळं कळायचं व्हतं.

जखमेच्या कडा भरल्या तशी परत औरंगाबादला. डॉक्टरनं भोकात मलम लावल्याली जाळीची पट्टी भरली, तिला दोरा बांधून तोंडाबाहेर ठिवला, म्हंजे वर घसरून जाऊ नये. मंग चमच्यासारख्या भांड्यात कायतरी ऊन ऊन मऊ घेतलं आन् माझ्या टाळूला दाबलं. साचा घ्यायचा म्हणे. ते तोंडात घट्ट व्हाया लागलं. मला श्वास घेता येईना. आन् माझ्या मनात एकदम आलं, बंगल्यानं ह्याला गाठलंय. वकिलाचा हात लांब असतो. हे माझं तोंड कायमचं बंद करून राह्यलेत! मी त्या डॉक्टरच्या बोटाला कडकडून चावले.

तो ओरडला. आत्याबाईनं माझ्या पाठीत बुक्की घातली. "चावती कुणाला? कुत्री हाईस का तू?" साचा मोडला. परत घ्यावा लागला. दुसऱ्या खेपेला डॉक्टरनं बोटाला चिंधी गुंडाळल्ती. मला म्हणाला, "आता चावा हवं तेवढं." त्याच्यावर माझा इश्वास तवा बसला, तो बी अर्धा.

मंग एके दिवशी त्यानं ती वस्तू माझ्या तोंडात सरकवली. दोन्ही बाजूला तारेचे आकडे, दाढांना धरायला. टोचली. त्यानं काढली, बारीक कानशीनं घासली, परत घातली. परत काढली. परत घातली. मंग बोट माझ्या टाळूवर दाबून बघत राह्यला, लई येळ.

मी म्हणाले, "बोट काढा."

डॉक्टरनं बोट काढलं. सबूद नाकातून न्हाई, तोंडातून निघाल्ते. स्वच्छ. आत्याबाईनं तोंडावर पदर घेतला. मंग पदराआडून म्हणाली, "मेली बोलली ती बी डॉक्टरला दम द्यायला."

मी पाणी प्याले. खाली गेलं. नुस्तं खाली गेलं, पोरी. तुला काय कळणार त्यातलं, तुझं तर रोजच जातं.

डॉक्टर सांगत व्हता, रोज काढून धुवायची, कोरडी ठिवायची न्हाई, वाटीत पाण्यात ठिवायची. मी ती तळहातावर घेतली आन् पहिल्यांदा नीट बघितली. गुलाबी. टाळूच्या आकाराची. दोन तारा. वरच्या अंगाला एक उंचवटा, भोकात बसायला. आन् दात एक बी न्हाई.

मी ती उलटून परत बघितली. ही वस्तू मी पाह्यल्ती.

बंगल्यात साहेबाच्या खोलीत, खिडकीपाशी, बशीनं झाकल्याली एक चिनीमातीची वाटी असायची. तिच्यातलं पाणी बदलायचं काम माझं. बाईसाहेब म्हणायच्या, "साहेबांची कवळी आहे. नीट पाणी घाल, हात लावू नको." मी रोज पाणी घालायची आन् रोज मनात यायचं, कवळी हाय तर दात कुठं हाईत? साहेब तर उसाचं कांडं दातानं सोलून खायचे. मोठ्या घरातली कवळी अशीच असंल म्हणून सोडून दिलं. त्याच्या आधी एक साल साहेब नाकातून बोलायचे, कचेरीत पक्षकार तोंड लपवून हसायचे. मंग ते घसा दाखवाया मुंबईला गेल्ते. त्या घरच्या डॉक्टरनंच पाठवल्तं त्यांना. परत आले तर आवाज घंटेसारखा.

आता बघ. तोच डॉक्टर. तेच भोक. बंगल्यात त्याचं नाव घसा, मोरीपाशी त्याचं नाव गर्मी.

मी औरंगाबादच्या डॉक्टरला सगळं सांगितलं. वकिलाचं नाव घेऊन सांगितलं. त्यानं चष्मा पुसला. इकडंतिकडं बघितलं, दार लोटलं. म्हणाला, "बाई, ते मोठे लोक आहेत. तुमचं काम झालं ना? हे बाहेर बोलू नका."

त्यानं मला तोंड दिलं, हे मी मरेस्तोवर इसरणार न्हाई. आन् तोंड देऊन वर बोलू नको म्हणाला, हे बी इसरणार न्हाई.

जालन्याला उतरले ती सरळ बंगल्यावर. आत्याबाई मागं. दर खेपेला मागच्या दारानं जायची, त्या दिवशी पुढच्या फाटकातून गेले. पुढच्या ओसरीवर पक्षकार बसल्याले. साहेब खुर्चीत. मला बघून माळी धावला. मी म्हणाले, "बाजूला हो. साहेबांशी बोलायचंय."

आवाज ऐकून साहेब दचकले. त्यांना लगेच कळलं, पोरी. बाकीच्यांना कळलं न्हाई, पण त्यांना कळलं. असला आवाज कुठं मिळतो, ते त्यांना माहीत व्हतं. जीभ टाळूला गेली त्यांची.

"साहेब," मी म्हणाले, "संक्रांतीला ह्या घरात माझं तोंड सगळ्यांनी बघितलं. आज तुमचं दाखवा. तुमच्या वाटीतली ती बिनदाताची कवळी कशाला लागते, ते सांगा ह्या लोकांना. तुम्हाला बी गर्मी हाय का?"

साहेब उठले, आत गेले. दार लावून घेतलं.

बाईसाहेब धावत आल्या. मला हाताला धरून मागं नेलं. हाताला धरून! इतकी वर्सं बोट लागू दिलं न्हाई त्या बाईनं. मागच्या अंगणात नेलं आन् रडाया लागल्या. खरंखुरं रडल्या, खोटं कशाला बोलू? म्हणाल्या, "मी काय करू गं? पक्षकार पुड्या आणून देतात. रोज. यांचं नाक गेलं, टाळू गेली, तरी सुटत नाही. मी पुडीतली अर्धी काढून घ्यायची, कमी ओढावं म्हणून. काढलेली टाकू कुठं? मोरीत टाकली तर यांना दिसायचं, पांढरं राहायचं. म्हणून तुझ्या डबीत."

मी तिच्याकडं बघत राह्यले. मला वाटल्तं तिनं माझी भूक चोरली. तेवढं बी न्हाई. तेवढा इचार बी तिनं माझा केला नव्हता. नवऱ्याला वाचवायला इख कुठंतरी टाकायचं व्हतं, आन् मोरी दिसत व्हती. मी दिसत नव्हते.

"मंग मी मोरी होय?" मी म्हणाले.

ती मंग डोळे पुसून म्हणाली, "झालं ते झालं. तू परत कामाला ये. आता बाहेर नाही, आत. माजघरात ये. आमच्या कपात चहा पी. फक्त हे कुठं बोलू नको." आन् सवयीनं, बघ, निव्वळ सवयीनं, कमरेची डबी काढून माझ्यापुढं धरली. माझं मन शांत करायला.

मी खोटं सांगणार न्हाई. माझं नाक फुललं. अंग सगळं त्या डबीकडं गेलं. आत्याबाई मागून एकदम म्हणाली, "अगं..." आन् थांबली.

मी डबी घेतली. तिच्या हातातून, बोटाला बोट लावून घेतली. मोरीपाशी गेले, माझा कप जिथं ऱ्हायचा त्या फटीखाली, आन् उपडी केली. पांढरं पडलं. पाणी न्हाई ओतलं वर. तसंच राहू दिलं, दिसायला.

"मोरी ही हाय, बाईसाहेब," मी म्हणाले. "नीट बघून ठिवा. परत चुकायला नको."

आन् पुढच्या फाटकातून बाहेर आले.

तुला वाटंल, मंग सगळं बरं झालं. न्हाई झालं. वकीलसाहेब मोठेच राह्यले. बंगल्याच्या डॉक्टरनं आपला सबूद कधी मागं घेतला न्हाई. ओसरीवरचे पक्षकार म्हणाले, बाई वेडी झाली, रोग डोक्यात गेला. धन्यानं माझं ताट परत आपल्या ताटाशेजारी मांडलं, पण लई दिवस जेवताना माझ्याकडं चोरून बघायचे. आत्याबाई तेवढी बदलली. वस्तीत कुणी काय म्हणालं की तिथंच उभी राहून ओरडायची, "माझं बी रक्त काढलंय, साफ हाय! तू दाखव तुझं!" पण ती गेली, आन् गोष्ट राह्यली. बघ, तुझ्यापर्यंत आली.

म्हणून मी ठरवलंय. तवाच ठरवलं, आजपर्यंत मोडलं न्हाई. येगळ्या कपात मी पीत न्हाई, देव आला तरी. वरून सोडल्यालं काही घेत न्हाई. हातात हात लावून देणार असशील तर दे, न्हाईतर राहू दे. आन् ही वाटी मी झाकत न्हाई. साहेबानं बशीखाली झाकली, मी उघडी ठिवते, दारातून येणाऱ्याला दिसावी म्हणून. ज्याला विचारायचं त्यानं विचारावं. न विचारता जो पेला खाली ठिवंल, त्याला मी गाठणार आन् हे सगळं ऐकवणार. मरेस्तोवर. गप्प बसायला ही टाळू मी तोंडात घातल्याली न्हाई.

ते जाऊ दे. तू ये. जल्दी ये, उद्या-परवाच ये, कामं काय सरत न्हाईत बायकांची. त्याच पेल्यात पाणी देणार हाय मी, धुतल्याला हाय, माझ्या तोंडाचा हाय. प्यायचं असलं तर पी, न्हाई प्यायचं तर माझ्या तोंडाकडं बघून न्हाई म्हण. कोनाड्यात ठिवू नको. पण ये गं.